मागाचा खड्डा कोणाच्या नावावर?

अहो,

५ मे, रविवार, सकाळी सव्वाअकरा. वेळ मुद्दाम घड्याळात बघून ठेवली आहे. त्या क्षणी माझ्या हातातली लोखंडी सब्बल आपल्या स्वयंपाकघराच्या फरशीच्या फटीतून खाली गेली आणि माझ्या मुठीपर्यंत गेली. खालून ना दगड लागला, ना मुरूम. प्रामाणिक माणसाच्या घरात सब्बल अशी जात नाही.

'प्रिय' हा शब्द यावेळी लिहिलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. चौकशी पूर्ण होईपर्यंत तो राखून ठेवला आहे.

तुम्ही जाऊन तिसरं वर्ष चालू आहे. आजवर मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही, कारण तुमच्या फोटोसमोर उभं राहून बोललं की माझं काम भागायचं. यावेळी भागणार नाही. फोटोत तुम्ही हसत आहात, आणि मला ते हसू आता संशयास्पद वाटतं.

आधी सब्बल माझ्या हातात कशी आली ते सांगते, नाहीतर म्हणाल, ही म्हातारी वेडी झाली. स्वयंपाकघराची दशा तुम्हाला ठाऊक आहे. ओट्याचा कडप्पा तडकलेला, सिंकखालचा पाइप गळका, आणि ओट्याच्या उजव्या कोपऱ्यातली ती जमीन! दर पावसाळ्यानंतर ती थोडी खाली बसायची. सांडलेलं सगळं पाणी तिथेच जाऊन साचायचं. मनीष पुण्याहून म्हणतो, "आई, मॉड्युलर किचन करून टाक, माणसं पाठवतो." मी म्हटलं, माझ्या घरात फोनवरून माणसं पाठवू नकोस. इथलाच मिस्त्री ठरवला. तो ओटा फोडून गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे सगळे मजूर तेंदूपत्ता तोडायला जंगलात निघून गेले. मे महिन्यात तुमसरमध्ये मजूर शोधायचा म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. आठ दिवस मी अंगणात स्टोव्ह मांडून स्वयंपाक केला. मग डोकं फिरलं. मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ पाहिले, शेजारून सब्बल, छिन्नी आणि घमेलं आणलं, साडी खोचली आणि बसले. टेलिफोन एक्स्चेंजच्या नोकरीत मी आख्खा स्विचबोर्ड सांभाळला आहे. चार फरश्या उचलायला मला कोणाची परवानगी लागणार होती?

तुमची लागली असती. आता आठवतंय ना? घराला रंग दिला, छपराची कवेलू बदलली, न्हाणीघर नवं केलं. मिस्त्री सगळ्या घरभर फिरला. पण स्वयंपाकघरात तुम्ही त्याला कधी पाऊल टाकू दिलं नाही. चहा प्यायलासुद्धा नाही! "त्या कोपऱ्यात घुशी आहेत, माझं मी बघतो," म्हणायचात. आणि दर दिवाळीआधी गुडघ्यावर बसून, पाटीत सिमेंट कालवून, स्वतः ती जमीन वर आणायचात. मी बॅटरी धरायची. पाणी ओतायची. घामाने तुमचा बनियन पाठीला चिकटलेला असायचा आणि मला वाटायचं, किती कष्टाळू नवरा मिळाला आपल्याला!

घुशी? एकही बीळ निघालं नाही. मी सगळं शोधलं.

पहिली फरशी उचलली तेव्हा आधी तुमच्या सिमेंटचे थरावर थर निघाले, मधोमध तडकलेले; सब्बल त्याच भेगेतून गेली होती. त्याखाली धानाचा भुसा होता. काळा पडलेला, कुजलेला, ओलसर, आंबूस वासाचा. घमेलं भरून काढला, तरी भुसा. पुन्हा काढला, तरी भुसा. राईस मिलच्या मागे ढिगाने पडलेला असतो, कोणीही उचलून न्यावा, तो! मला एकदम हसू आलं आणि लगेच रागही आला. खड्डा बुजवायला भुसा वापरायची युक्ती फक्त आपल्या तुमसरच्या माणसालाच सुचू शकते. भुसा कुजतो, बसतो, त्याच्यासोबत जमीन खाली जाते. शाळेतल्या पोराला हे कळतं. तुम्हाला कळलं नसेल? की घाई होती? कोणाला विचारायची सोय नव्हती?

खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात काय काय येऊन गेलं! दागिने पुरलेत का? सरकारी गोदामातलं काही? कोणा माणसाचं काही बरंवाईट? हसू नका. जिल्ह्याची वाटणी झाली, तुमचं ऑफिस अर्धं गोंदियाला गेलं, तुमचं नाव तिकडच्या यादीत लागलं, ही बातमी मला भाजीवालीने दिली होती. तुम्ही रोज सकाळी डबा घेऊन भंडाऱ्याच्या गाडीत बसत होता आणि बदली रद्द करायला साहेबांच्या दारात उभे राहत होता. का सांगितलं नाही, म्हटलं, तर काय म्हणालात? "तुला उगाच त्रास कशाला." असा माणूस फरशीखाली काहीही ठेवू शकतो.

पण भुसा संपत आला तशा खड्ड्याच्या कडा दिसू लागल्या. नीट सारवलेल्या, गुळगुळीत. एका बाजूला बसायची पायरी. तळाशी एक लाकडी पट्टी, तिला दोरीचा तुकडा अजून बांधलेला. मी घमेलं खाली ठेवलं.

अहो, मी कोष्ट्याची पोर आहे. माझे आजोबा नागपूरला मागावर बसायचे. वडील रेल्वेत लागले, त्यांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं, सिस्टरांनी माझं इंग्रजी घोटून घेतलं, हे सगळं खरं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आजोबांच्या शेजारी बसून पाहिलेलं मी विसरले असेन का? विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायांनी एकामागून एक पावड्या दाबतो, ते मला ओळखू येणार नाही? ती पट्टी म्हणजे पावडी होती. तो खड्डा मागाचा होता.

आणि मला बघायला आला होतात तेव्हा तुम्ही माझ्या वडिलांना काय सांगितलं होतं? "आमच्याकडचा माग आजोबांच्या काळातच बंद झाला." माझे वडील घर बघायला आले तेव्हा या खोलीला कुलूप होतं. आत धान भरलंय, म्हणालात.

मी मोहाडीला कुसुमला फोन केला. तुमची धाकटी बहीण तुमच्यासारखी नाही. तिच्या पोटात गोष्ट टिकत नाही, असं मी समजत होते. दुपारच्या गाडीने आली. दारातच सुरू झाली.

"वयनी, एवढ्या उनात कायले बोलावलं? कोनी पडलं-झडलं का?"

"कोणी पडलं नाही. आत ये."

आत आली, खड्डा पाहिला आणि पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली. "अगं माय वं! आईचा माग!"

"तुला माहीत होतं?"

"मले माहीत नसन त कोनाले असन? याच काठावर बसून मी सुताच्या कांड्या भरत होती. आई लुगडं विने अन् मले शिव्या दे."

"मग इतक्या वर्षांत मला का नाही सांगितलंस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला अंगणात जाऊन उभं राहावंसं वाटलं. "तुमाले काय सांगाचं, वयनी? तुमच्याचसाठी त बुजवला."

"माझ्यासाठी?"

"हाव नं. भाऊनं आईले सांगतलं, पोरगी कॉन्व्हेंटमंदली आहे, माग असलेल्या घरात याले तयार नाई. माग निघन त लग्न, नाई त नाई. आई दोन दिवस जेवली नाई. मागावर अर्धं लुगडं होतं. तिसऱ्या दिवशी तिनंच कात्री आनली अन् कापलं. भाऊनं मंग मिलमंदून गाडीभर भुसा आनला."

वाचताय ना? सोयीसाठी पुन्हा लिहिते. तुम्ही तुमच्या आईला माझं नाव सांगितलं.

मी तेव्हा तुम्हाला एकदाच पाहिलं होतं. पोह्यांची बशी पुढे केली होती आणि चहाला "साखर किती?" एवढंच बोलले होते. आणि तेवढ्या ओळखीवर तुम्ही माझ्या तोंडी एवढी मोठी अट घातलीत?

लग्न होऊन आले त्या दिवशी तुम्ही मला हात धरून या खोलीत आणलं होतं. नवाकोरा उभा ओटा! "तुझ्यासाठी बांधला," म्हणालात. मोहल्ल्यात तेव्हा सगळ्या बायका चुलीपुढे बसून स्वयंपाक करायच्या. मी नागपूरला मैत्रिणींना पत्रं लिहून कळवलं, माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी ओटा बांधला. आईंनी त्या ओट्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. आता कळतंय, तो ओटा नव्हता, झाकण होतं.

आई मला माझ्या नावाने कधी हाक मारायच्या नाहीत. घरात साधी बादली आणली तरी तुम्हाला विचारायच्या, "मॅडमले इचारलं का? त्याईले नाई पटलं त फेकून द्या लागन." मला वाटायचं, माझ्या इंग्रजीला टोमणे मारतात. मी रडायची. तुम्ही म्हणायचात, "जुनं माणूस आहे, मनावर घेऊ नको." अहो, त्यांनी फेकून दिलं होतं! त्यांचं सगळं काम फेकून दिलं होतं त्यांनी, माझ्या नावावर! मनावर कोणी घ्यायचं होतं?

आणि त्यांचं ते स्टूल. घरातले सगळे जमिनीवर बसायचे. त्या मात्र रोज दुपारी स्वयंपाकघरात त्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसायच्या. मी भाजी चिरतेय, मी पोळी लाटतेय, आणि या पाठीमागे. मी तुम्हाला म्हणायची, तुमच्या आईंनी माझ्यावर सुपरवायझर म्हणून स्वतःची नेमणूक केली आहे. तुम्ही हसायचात! त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या आपल्या जागेवर बसत होत्या. ठाऊक असूनही तुम्ही हसलात.

बसल्या बसल्या त्यांचे पाय हलायचे. उजवा खाली, डावा वर. डावा खाली, उजवा वर. मीच तुम्हाला म्हटलं, आईंना वात झालाय बहुतेक. तुम्ही काय केलंत? तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. तेल आणलं. मी महिनोन्महिने त्यांच्या पायांना तेल चोळलं आणि त्या माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत बसल्या. तुम्ही दारात उभे राहून ते पाहत होता. तेव्हा तुमच्या जिभेला काय झालं होतं?

शेवटच्या आजारपणात एका दुपारी मी त्यांना चमच्याने पेज भरवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि स्पष्ट आवाजात विचारलं, "झालं नं आता तुह्या मनासारखं?" मी तुम्हाला सांगितलं, तापात बडबडताहेत. तुम्ही म्हणालात, "हो, तापच आहे."

तापच आहे! त्याच वेळी, अगदी त्याच दुपारी, त्या जिवंत असताना, तुम्ही पलंगाशी बसून एक वाक्य बोलू शकला असता. "आई, हिने नाही सांगितलं, मी सांगितलं." एवढंच. माझ्या रागाची भीती वाटली? की आईच्या? की दोघी एकमेकींशी बोलू लागल्या तर तुमचं काय होईल, याची?

मी तिथेच खड्ड्याच्या काठावर कुसुमला सांगितलं, "कुसुम, मी असं कधीही म्हटलं नाही. माझ्या वडिलांनीही नाही. आमच्याच घरी माग होता. मी अशी अट कशाला घालेन?"

तिने पदराने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "असन."

अहो, मी आयुष्यभर टेलिफोनवर लोकांचे आवाज ऐकले आहेत. 'ट्रंक कॉल लागला नाही' म्हटल्यावर समोरचा 'असेल' म्हणायचा, तेव्हा त्याला माझं खरं वाटलेलं नसायचं. कुसुमचं 'असन' तसलंच होतं.

"तुझा विश्वास बसत नाही ना?"

"बसते नं, वयनी. पन भाऊ आईशी लबाडी कायले करन? थो त आईचा लाडका होता." आणि मग, माझी समजूत काढायला म्हणून, "जाऊ द्या. पोट्टी होता तुमी तवा. निघालं असन तोंडातून. आता त सगळे गेले. भरून टाका खड्डा."

निघालं असेल तोंडातून! बघा, कशी अवस्था केलीत माझी. तुमची बहीण मला माफ करायला निघाली आहे, न केलेल्या गोष्टीची! आणि तिच्याशी भांडू तरी कशी? तुम्ही खरं बोलत होता की खोटं, हे सांगणारी तुम्ही आणि आई, दोनच माणसं होती. दोघंही फोटोत. साक्षीला कोणाला बोलावू?

मोहल्ल्यातल्या बायकांचंही आता कळलं. नवी नवरी म्हणून मी नळावर गेले की त्यांचं बोलणं बंद व्हायचं. मला वाटायचं, माझ्या भाषेला बुजतात.

जाता जाता कुसुमने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिनेच माझी पंचाईत केली आहे. म्हणाली, "डोळे त गेलेच होते आईचे. सुताची गाठ दिसे नाई. कापडात चुका राहत अन् व्यापारी वापस करे. भाऊ रोज म्हने, माय, आता बस कर. आयकतच नोती."

म्हणजे? मला नीट सांगा. आईंचे डोळे जाऊ नयेत म्हणून तुम्ही माग काढलात, आणि तुमचं ऐकत नव्हत्या म्हणून येणाऱ्या सुनेचं नाव पुढे केलंत? की तुमचे साहेब लग्नाला येणार होते, त्यांच्यासमोर खड्ड्यात पाय सोडून बसलेली आई तुम्हाला नको होती? साहेब आले होते, हे मला पक्कं आठवतं. याच दाराशी त्यांना खुर्ची मांडली होती आणि नवा ओटा तुम्ही त्यांनाही दाखवला होता.

पहिलं कारण असेल तर तुम्ही भित्रे होता. दुसरं असेल तर काय होता, ते मला लिहवत नाही. दोन रात्री मी एकदा हे मानते, एकदा ते. सकाळी चहाला दोन कप काढायची सवय अजून गेलेली नाही. काल दुसरा कप हातात घेऊन मी बराच वेळ उभी राहिले. पहिल्या कारणाच्या माणसासाठी ठेवावा की दुसऱ्या कारणाच्या माणसासाठी परत मांडणीवर ठेवावा, ते ठरेना. शेवटी तसाच ठेवला. तुमच्याबद्दल मला एवढा संशय कधी आला नव्हता, आणि तुमची एवढी आठवणही बऱ्याच दिवसांत आली नव्हती. या दोन गोष्टी एकदम येतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता पुढचं ऐका. भुसा मी सगळा बाहेर काढला आहे. खड्ड्याच्या कडा हाताने पुसल्या. मुरमाची ट्रॉली दारात येऊन पडली आहे. यावेळी थराथराने मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मसने ठोकून भरीन. घाई करणार नाही आणि दार लावूनही करणार नाही. पण शुक्रवारपर्यंत हात लावणार नाही. शुक्रवारी अक्षय तृतीया आहे. पितरांची घागर भरायची, पानं वाढायची. कुसुम येणार आहे, आणि मोहल्ल्यातल्या ज्या दोन-तीन म्हाताऱ्या अजून चालत येऊ शकतात, त्यांनाही मी बोलावलं आहे.

मी तुम्हाला वचन देते. आईंचं पान त्या दिवशी खड्ड्याच्या काठावर, त्यांच्या बसायच्या पायरीशी वाढीन. आणि सगळ्यांसमोर, आवाज चढवून, त्यांना सांगीन, "आई, मी तुमचा माग काढायला सांगितलं नव्हतं." कुसुमला पटलं तर पटलं. आईंना मी स्वतः सांगितलं, एवढं तरी होईल. तुमच्याविषयी वावगा शब्द काढणार नाही. दोन कारणांतलं कोणतं खरं, ते कळल्याशिवाय तुम्हाला दोषीही ठरवणार नाही. सिस्टरांनी शिकवलेल्या बऱ्याच गोष्टी मी सोडल्या, ही सोडलेली नाही.

मात्र तुमच्या पानाचं काय करायचं, ते तुमच्या उत्तरावर आहे.

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मला लेखी उत्तर पाहिजे. आईचे डोळे की साहेबांची खुर्ची, एका ओळीत लिहा, खाली सही करा. स्वप्नात येऊन सांगितलेलं चालणार नाही, स्वप्नात तुम्ही गोड बोलून वेळ मारून नेता. कावळ्याने पानाला शिवलं, म्हणजे तुमचं उत्तर आलं, असंही मी धरणार नाही. कसं पाठवायचं, ते तुमचं तुम्ही बघा. इतकी वर्षं एवढी मोठी गोष्ट माझ्यापासून लपवता आली, तर एक ओळ पोचवताही येईल.

बारा वाजून गेले आणि काही आलं नाही, तर आईंचं पान आधी वाढलं जाईल. तुमचं त्यानंतर, आणि थंड.

वाट बघत,
निर्मला